फिरतोय, पण निघत नाही: एका जाम बोल्टचं प्रकरण

गाडी तिशी ओलांडलेली. शिडीसारखी चेसिस, पुढे-मागे अखंड अ‍ॅक्सल, चारही कोपऱ्यांत पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंग. चिखल, वाळू, नदीपात्र सगळं भोगून झालेली. मागच्या डाव्या बाजूला ती दोन बोटं खाली बसली होती. वाकून पाहिलं तर दुसऱ्या क्रमांकाचा पाटा तडकलेला. गाडी मित्राची, हत्यारं माझी, सुट्टीचे दोन दिवस दोघांचे. मागचे पाटे, बुश (सांध्यांत बसणारे रबरी तुकडे) आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदलायचे, एवढंच काम. नवे भाग खोक्यात तयार होते. दोन दिवसांत उरकेल असा अंदाज होता. अकरा दिवस गेले.

सोडवायच्या जागा आधी मोजल्या. एका बाजूला पाटा आणि धुरा एकत्र आवळणाऱ्या यू बोल्टचे चार नट, पाट्याच्या पुढच्या टोकाचा एक बोल्ट, मागच्या शॅकलच्या (पाट्याचं मागचं टोक चेसिसला जोडणाऱ्या हलत्या कडीच्या) दोन पिना आणि शॉकची वरची-खालची दोन टोकं. नऊ. दोन्ही बाजू मिळून १८. यातल्या बहुतेकांबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही. डाव्या पाट्याच्या पुढच्या बोल्टनेच सगळा वेळ खाल्ला आणि त्यातही निम्मा वेळ आमच्या चुकीमुळे गेला.

जे पटकन झालं

यू बोल्टचे नट सोडवण्याच्या फंदात पडलोच नाही. एकदा कसले की यू बोल्ट ताणले जातात, त्यांचे आटे बसतात. ते पुन्हा वापरायचेच नसतात, मग पाना कशाला झिजवा? ग्राइंडरने आठही पाय कापले. त्याआधी चेसिसखाली दोन घोड्या (गाडी पेलणारे स्टँड) आणि अ‍ॅक्सलखाली जॅक लावला, ब्रेकचा होज ओल्या जाड कापडात गुंडाळला. ठिणग्यांनी होजला पडलेलं भोक त्या दिवशी दिसत नाही. ते घाटात दिसतं.

शॅकलच्या चारपैकी तीन पिना तेल, तारेचा ब्रश आणि हातोडा एवढ्यावर निघाल्या. इथले बुश दोन तुकड्यांचे, निव्वळ रबराचे होते. पिनेभोवती लोखंडी नळी नसल्यामुळे गंजाला धरून बसायला जागाच कमी. चौथ्या पिनेचा नट मात्र मीच बिघडवला. हाताशी बारा कोनी रिंग पाना होता, तोच लावला, जोर दिला आणि नटाचे सहाही कोपरे गोल झाले. गंजून आधीच आकसलेल्या नटाला सहा कोनी सॉकेटच हवं. ते नटाच्या सपाट बाजूंना धरतं, तर बारा कोनी पाना टोकांना. हे मला माहीत होतं. पण सॉकेटची पेटी गाडीच्या दुसऱ्या बाजूला होती.

गोल झालेल्या नटाची एक बाजू ग्राइंडरने आट्यांच्या जवळ येईपर्यंत पातळ केली आणि तिथे छिन्नी ठेवून दोन घाव घातले. नट उघडला. गॅस पेटवण्याआधी हे करून पाहावं असं माझं मत. नट टाकाऊ, पीन वाचते, आणि आगीचं काही काम नाही.

याच नटापाशी मित्राने एक गोष्ट केली, ती सांगायलाच हवी. माझ्या हातात गॅसची बत्ती तयार होती, आणि नट स्वच्छ दिसावा म्हणून त्याने त्यावर ब्रेक क्लीनर मारला. मी बत्ती बाजूला ठेवली आणि डब्यावरचा मजकूर त्याला वाचायला दिला. क्लोरीन असलेल्या ब्रेक क्लीनरला ज्योत किंवा वेल्डिंगचा आर्क लागला की फॉस्जिन तयार होऊ शकतो. हा वायू पहिल्या महायुद्धात शस्त्र म्हणून वापरला गेला होता. क्लोरीन नसलेले क्लीनर असतात, पण ते पेट घेतात. म्हणजे ज्या जागी उष्णता द्यायची तिथे दोन्ही नकोत. तारेचा ब्रश आणि कोरडं कापड पुरतं. छिन्नीचा विचार मला त्यानंतर सुचला. श्रेय त्या डब्याला.

डाव्या पाट्याचा पुढचा बोल्ट

जागा कशी असते ते नीट डोळ्यांसमोर आणा, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. मुख्य पाट्याचं टोक गोल गुंडाळलेलं असतं. गॅरेजात त्याला आय म्हणतात. त्या गोलात बुश ठोकून बसवलेला. या बुशचे तीन थर: बाहेर पातळ लोखंडी कवच, मध्ये रबर, आत जाड लोखंडी नळी. रबर दोन्ही लोखंडांना चिकटवलेलं. चेसिसला हँगर, हँगरला दोन कान. पाट्याचं टोक त्या दोन कानांच्या मध्ये येतं आणि १४ मिलिमीटरचा बोल्ट बाहेरच्या कानातून, बुशच्या नळीतून, आतल्या कानातून पलीकडे जातो. या गाडीत पलीकडचा नट सुटा नाही. आतल्या कानाला वेल्ड केलेला आहे, आणि तिथवर हात जेमतेम पोचतो.

बोल्ट कसला की दोन्ही कान नळीला चिमटतात आणि नळी जागच्या जागी घट्ट होते. पाटा वर-खाली होतो तेव्हा फिरत काहीच नाही, फक्त रबर पिळतं आणि परत येतं. म्हणजे बोल्ट आणि नळी यांच्यात तीस वर्षं काडीचीही हालचाल नाही. दोघांच्या मधली फट अगदी बारीक, पाणी आत जायला पुरेशी, बाहेर यायला अपुरी. लोखंडाचा गंज झाला की त्याला मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते. बंद फटीत तो फुगतो कुठे? बोल्टवर आणि नळीवर दाब देत बसतो.

हे सगळं मला आत्ता नीट लिहिता येतंय. त्या दिवशी मी फक्त बोल्टचं डोकं पाहत होतो.

पहिल्या दिवशी संध्याकाळी डोक्यावर सॉकेट लावलं, त्याला सव्वा मीटरचा पाइप. दोघांनी जोर दिला. बोल्ट फिरला! जवळजवळ पाव फेरा. मित्र म्हणाला, "सुटला रे." पाइप सोडला, तर तो हळूच मागे आला. आम्हाला वाटलं, आट्यांत गंज आहे, थोडा ढिला झालाय, तेल मुरू दे. मग वेल्ड केलेल्या नटावर तेल. रात्रभर. सकाळी पुन्हा. हातोड्याने डोक्यावर ठोके. पुन्हा पाव फेरा, पुन्हा मागे. दुसऱ्या दिवशी दुपारी पाव फेऱ्याचा अर्धा झाला आणि आम्ही खूष.

तेलाबद्दल दोन शब्द. प्रत्येकाचं आपलं एक रामबाण मिश्रण असतं. कोणी डिझेल, कोणी रॉकेल, कोणी अ‍ॅसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल एकत्र करतो. यातलं शेवटचं मिश्रण काम करतं, पण दोन्ही द्रव एकमेकांत नीट मिसळत नाहीत, दर वेळी हलवावं लागतं आणि अ‍ॅसिटोन ठिणगीची वाटच पाहत असतो. कुठलं तेल घेता याने फरक पडतो, पण किती वेळ देता आणि मधून मधून ठोके देऊन हलवता का, याने जास्त पडतो. आणि सगळ्यात जास्त फरक तेल योग्य जागी टाकता का याने पडतो. आम्ही टाकत होतो आट्यांवर.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेजारचे काका आले. आयुष्यभर फिटर म्हणून काम केलेले. आमचं चाललेलं त्यांनी पाचेक मिनिटं उभं राहून पाहिलं, काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पोरांनो, तो सुटत नाहीये. पीळ खातोय."

"म्हणजे, काका?"

"खडू आहे का?"

त्यांनी मित्राला गाडीखाली पाठवलं. हँगरचा कान आणि पाट्याचं टोक यांच्यात तीन-चार मिलिमीटरची फट असते, त्यातून बुशच्या नळीची कड दिसते. त्या कडेवर खडूची एक रेघ आणि तिच्या सरळ रेषेत बोल्टच्या डोक्यावर दुसरी. मला म्हणाले, "आता फिरव." मी पाइपवर जोर दिला. डोक्यावरची रेघ सरकली. खालून मित्राचा आवाज आला, "नळीवरची पण सरकतेय." दोन्ही रेघा एकमेकींबरोबर गेल्या आणि एकमेकींबरोबर परत आल्या.

बोल्ट नळीत जाम होता आणि नळी रबरात. आम्ही दीड दिवस रबर पिळत होतो. पाव फेऱ्याचा अर्धा फेरा झाला तो रबर फाटायला लागल्यामुळे. आट्यांशी त्याचा काही संबंध नव्हता.

काकांनी मग पंज्याच्या मापाने हँगरचा बाहेरचा कान तपासला आणि तोंड वाकडं केलं. मी कॅलिपर आणला. उजव्या हँगरच्या दोन कानांमधलं अंतर मोजलं, मग डाव्याचं. डावं अंतर २ मिलिमीटर जास्त. कान बाहेर फाकला होता.

कसं झालं हे? आटे मोकळे होते, म्हणून बोल्ट फिरला की तो नटातून बाहेर सरकू पाहत होता. पण नळी त्याला चिकटलेली. मग बोल्टबरोबर नळीही बाहेर येऊ लागली आणि समोर बाहेरचा कान. अख्ख्या बोल्टच्या आट्यांनी मिळून त्या कानाला पुलरसारखं बाहेर रेटलं. आकडा सांगतो म्हणजे जोर कळेल. ८.८ प्रतीच्या १४ मिलिमीटर बोल्टला कसताना साधारण १३० ते १४० न्यूटन-मीटर पुरतात. सव्वा मीटरच्या पाइपवर ४० किलोचा भार दिला तर होतात ४९०. आम्ही दोघं मिळून नक्कीच त्याहून जास्त लटकलो होतो. बोल्टची मान तुटली नाही ती मधलं रबर पिळून जोर खात होतं म्हणून. अजून अर्धा दिवस तसंच चालवलं असतं, तर एकतर आतल्या नटाचं वेल्ड सुटलं असतं, नाहीतर कानाच्या मुळाशी चेसिसला तडा गेला असता. पाटा बाजारात मिळतो. चेसिस मिळत नाही.

ताबडतोब बोल्ट उलटा फिरवून पुन्हा आत घेतला. कानावरचा ताण तेवढा कमी झाला.

काय वाचवायचं

आता रस्ते तीन होते. उष्णता, करवत, किंवा नळीत तेल मुरेपर्यंत महिनाभर थांबणं.

उष्णतेचं गणित आकर्षक असतं. पोलाद दर अंशाला, दर मिलिमीटरमागे एक कोटी भागांतले १२० भाग फुगतं. १४ मिलिमीटरचं भोक ३०० अंशांनी तापवलं तर ०.०५ मिलिमीटर मोठं होतं. दिसायला काहीच नाही, पण गंजाची पकड मोडायला तेवढं बऱ्याचदा पुरतं. एकटा नट असेल तर छानच. इथे तापवायची होती रबराच्या आतली नळी. रबर आधी जळणार, काळा धूर, आणि चिकटलेलं जळकं रबर बराच वेळ पेटत राहतं. पलीकडे पाट्याच्या आयला आच लागली तर तिचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरणार. जुना पाटा टाकायचाच होता, म्हणून त्याचं दुःख नव्हतं. पण चेसिसचा कान तर टाकायचा नव्हता. आणि सगळ्यात मोठं कारण: इंधनाची टाकी त्या हँगरपासून हातभर अंतरावर. मित्र म्हणाला, रिकामी करू. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा वाईट, कारण तिच्यात वाफ असते आणि वाफेबरोबर हवा.

टाकी आम्ही तरीही उतरवली आणि लांब नेऊन ठेवली. करवतीचं पातं चुकून इंधनाच्या नळीवर जाऊ नये म्हणून. पण ज्योत लावली नाही.

काकांचा प्रश्न साधा होता: "यातलं काय काय फेकायचंय?" पाटा, बुश, बोल्ट. "मग फक्त हँगर आणि त्याचा नट वाचवा. बाकीच्याची दया कशाला?" हे ऐकल्यावर मला स्वतःचाच राग आला. खोक्यात नवा बोल्ट पडलेला असताना आम्ही दोन दिवस जुना बोल्ट अखंड काढायला झटत होतो.

म्हणून करवत. पुढे-मागे चालणारी विजेची करवत, जिला रेसिप्रो म्हणतात. इंचाला १४ दातांचं, धातूसाठीचं लांब पातं. कान आणि पाट्याची आय यांच्यातल्या फटीत घालायचं आणि नळीसकट बोल्ट कापायचा. एकदा आतल्या बाजूला, एकदा बाहेरच्या.

इथे एक गोष्ट कोणी सांगत नाही. पाट्याचा ताण बोल्टवर असेल तर काप अर्ध्यावर आल्यावर फट मिटते आणि पातं चिमटून बसतं. आमचं बसलं. जोर लावून ओढलं आणि मोडलं. मग अ‍ॅक्सलखालचा जॅक हळूहळू वर-खाली करून पाहिला, आणि साताठ मिलिमीटर वर घेतल्यावर फट स्वतःहून उघडली. पाटा त्या क्षणी ना वर ढकलत होता ना खाली ओढत होता. त्यापुढे पातं लोण्यात नाही, पण निदान लोखंडात चालल्यासारखं चाललं. गती कमी ठेवायची, थेंब थेंब तेल सोडायचं. भरधाव चालवलं तर दात निळे पडतात आणि बोथट होतात, मग पातं कापत नाही, नुसतं तापतं. पहिला काप २५ मिनिटं, दोन पाती. दुसऱ्याला कार्बाइड दातांचं पातं आणलं, १२ मिनिटांत पार. डोळ्यांवर चष्मा, आणि शेवटच्या दोन मिलिमीटरला हात पाट्याच्या खालून काढून बाजूला. पाटा सुटताना किंचितच हलला, पण तो हलणार हे धरून चालावं लागतं.

पाटा बाहेर आला. हँगरमध्ये दोन तुकडे उरले. बाहेरच्या कानातला डोक्यासकटचा तुकडा बोटाने ढकलला तर खाली पडला. आतल्या नटात अडकलेला तुकडा पकडीने धरला आणि फिरवला. फिरला. दोन बोटांनी, सरळ, शेवटपर्यंत. बाहेर काढला तर आटे चकचकीत. तीस वर्षांत गंजाचा एक डाग नाही. ज्या आट्यांवर आम्ही डबाभर तेल ओतलं ते आटे कधी जाम नव्हतेच.

टेबलावर

कापलेल्या आयमधला बुश दाबून बाहेर काढला, रबर चाकूने सोललं आणि नळी लांबीने चिरून छिन्नीने उघडली. हे काम गाडीसाठी गरजेचं नव्हतं, मला बघायचं होतं. नळी साधारण ६० मिलिमीटर लांब. दोन्ही टोकांना सहा-सात मिलिमीटरपर्यंत काळसर ओल, तेल तेवढंच पोचलेलं. मधला सगळा भाग कोरडा, तपकिरी, दाबून बसलेल्या भुग्यासारखा. बोल्टवरून नखाने खरवडला तर पापुद्रे निघाले. दोन रात्रींत तेल इतकंच गेलं. महिनाभर थांबलो असतो तरी मधोमध पोचलं असतं असं मला वाटत नाही, कारण भुगा घट्ट बसला की केशाकर्षणाला जायला वाटच राहत नाही.

उजव्या बाजूचा तोच बोल्ट, तेवढीच वर्षं, तोच चिखल. खडूची रेघ मारून फिरवला. डोक्यावरची रेघ पुढे गेली, नळीवरची जागेवर राहिली. पंधरा मिनिटांत बाहेर. दांड्यावर जुनं, काळं, मेणासारखं झालेलं ग्रीस होतं. कधीतरी कोणीतरी ती बाजू उघडली होती आणि बोल्ट परत घालताना त्याला बोटभर ग्रीस लावलं होतं. दोन बाजूंतला फरक एवढाच.

शॉकची गोष्ट, उलटी

शॉकची तीन टोकं सरळ निघाली. डावं वरचं टोक राहिलं. नट पहिल्या जोरात सुटला, पण शॉकच्या डोळ्यातली, म्हणजे टोकाच्या गोल कडीतली, लोखंडी नळी खुंटीवर गंजून बसलेली. आजार तोच, पण इथे दया कोणावर करायची ते बरोबर उलटं. ही खुंटी चेसिसला वेल्ड केलेली आहे. कापली तर गेली. हँगरपाशी आम्ही दांडा कापून घर वाचवलं होतं, इथे घर कापून दांडा वाचवायचा होता.

आधी शॉकचा डोळा खुंटीजवळून कापून शॉक खाली घेतला. शॉकच्या नळकांड्याला ग्राइंडर किंवा आच लावायची नाही. आत तेल असतं, आणि बऱ्याच शॉकमध्ये दाबाखाली गॅसही. काप फक्त डोळ्याच्या कडीला. मग रबर चाकूने आणि जुन्या स्क्रू ड्रायव्हरने उकरून काढलं. उरली खुंटीवर चिकटलेली नुसती नळी, दोन मिलिमीटर जाड.

ग्राइंडरला पातळ चकती लावली, एक मिलिमीटरची. नळीच्या लांबीवर एक खाच घेत गेलो, एका दमात नाही, दहा-बारा वेळा हलक्या हाताने. खाचेच्या तळाशी रंग बदलायची वाट बघायची. नळीचं लोखंड संपत आलं की तळाशी तपकिरी भुग्याची एक बारीक रेषा डोकावते. ती दिसली की थांबायचं, त्याखाली खुंटी आहे. एका जागी मी उशिरा थांबलो, खुंटीवर एक ओरखडा उमटला, नखाला लागतो एवढा. कानशीने त्याच्या कडा मोडल्या. बाकी लांबीवर कागदाएवढी पापडी शिल्लक ठेवली, खाचेत छिन्नी आडवी घालून पिळली. टक्क आवाज आला आणि नळी उघडून हातात आली. या आवाजासाठी माणूस असली कामं करत असावा.

परत बांधताना

फाकलेला कान थंडच सरळ केला. हँगरमधून लांब बोल्ट घालून दोन्ही बाजूंनी जाड वॉशर आणि नट, आणि हळूहळू ओढत उजव्या हँगरच्या मापाला आणला. मग रंग उतरवून कानाच्या मुळाशी आणि नटाच्या वेल्डवर तडा शोधणारं लाल द्रव लावलं, दहा मिनिटं ठेवून पुसलं, वर पांढरा फवारा. तडा असता तर पांढऱ्यावर लाल रेघ फुटली असती. फुटली नाही. नशीब.

नव्या बोल्टच्या दांड्याला आणि नळीच्या आतून तांब्याच्या पेस्टचा पातळ थर दिला. आट्यांवर मुद्दाम दिला नाही. पुस्तकातला टॉर्कचा (किती जोराने कसायचं त्याचा) आकडा कोरड्या आट्यांसाठी असेल आणि आटे बुळबुळीत केले, तर त्याच आकड्याला बोल्ट बराच जास्त ताणला जातो. रबरावरही पेट्रोलियमचं ग्रीस नाही, रबर फुगून मऊ होतं. बुश बसवायला साबणाचं पाणी.

यानंतर बहुतेक जण जी चूक करतात ती मित्र करतच होता. गाडी घोड्यांवर, चाकं लोंबकळत, आणि हा टॉर्क पाना घेऊन बोल्ट कसायला बसला. मी म्हटलं, "थांब, अजून नाही." बुशचं रबर दोन्ही लोखंडांना चिकटलेलं असतं. पाटा खाली लोंबत असताना बोल्ट कसला तर नळी त्या स्थितीत कुलूपबंद होते. मग गाडी चाकांवर उतरली की रबर कायमचं पिळलेलं, उभ्या गाडीतसुद्धा, आणि थोड्या महिन्यांत फाटतं. म्हणून सगळे बोल्ट हाताने लावले, गाडी चाकांवर उतरवली, मागे दोनदा दाबून हलवली, आणि मग खाली सरपटत जाऊन शेवटचा टॉर्क दिला. यू बोल्ट चौकटीच्या तिरप्या क्रमाने, थोडे थोडे. दीडशे किलोमीटरनंतर ते पुन्हा तपासले, आठपैकी तीन नटांनी आणखी थोडा फेरा घेतला.

बाराव्या दिवशी गाडी सपाट उभी राहिली. दोन बोटांचा फरक गेला.

पुढचे पाटे अजून जुनेच आहेत. गेल्या आठवड्यात आम्ही दोघं खडू घेऊन पुढे वाकलो. पाइप नाही, साधा पाना, थोडासाच जोर. उजवीकडे रेघ तुटली, तिचा बोल्टवरचा भाग पुढे गेला, नळीवरचा मागे राहिला. डावीकडे दोन्ही रेघा एकत्र सरकल्या आणि पाना सोडताच एकत्र परत आल्या. मित्राने पाना खाली ठेवला आणि विचारलं, "कार्बाइडची पाती किती शिल्लक आहेत?"

एक होतं.